हजर असूनही गायब: पॅलेस्टाईनच्या सातबाऱ्याची कहाणी

पॅलेस्टिनींनी पैसे घेऊन आपल्या जमिनी विकल्या आणि आता जगभर रडत फिरतात, हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले आहे की ते कोण बोलणार हे हल्ली मला आधीच कळते. गंमत म्हणजे ते आपल्या मोहल्ल्यातही ऐकू येते. त्याला उत्तर म्हणून आपल्याकडे जी भाषणे होतात त्यांत बैतुल मुकद्दस असते, सलाहुद्दीन अय्युबी असतो, उम्मतच्या गफलतीचा मातम असतो. जमिनीचा कागद मात्र कोणी काढत नाही. मी इतिहासाचा प्राध्यापक नाही, शाळेत उर्दू आणि मराठी शिकवतो. पण बांधावरून तीन-तीन पिढ्या कोर्टाच्या पायऱ्या झिजवणाऱ्या मुलखात मी वाढलो आहे. सातबारा, कूळ, गायरान, फेरफार हे शब्द ज्याला कळतात त्याला हा प्रश्न समजायला फार वेळ लागू नये.

सुरुवात १८५८ पासून करावी लागते. त्या वर्षी उस्मानी सल्तनतीने नवा जमीन कायदा केला. त्यात जमिनीचे पाच प्रकार होते: मुल्क म्हणजे खासगी मालकीची, वक्फ, मीरी म्हणजे मालकी सरकारची पण कसण्याचा वारसाहक्क शेतकऱ्याचा, मतरूका म्हणजे रस्ते आणि सामाईक चराई, आपल्या गायरानासारखी, आणि मवात म्हणजे मृत, पडीक. पॅलेस्टाईनची बहुतेक शेती मीरी होती. मवात कशाला म्हणायचे याची कायद्यातली व्याख्या मोठी मजेशीर आहे. गावाच्या शेवटच्या वस्तीवरून माणसाने मोठ्याने हाक मारली आणि ती जिथे ऐकू येत नाही, तिथून पुढची ओसाड जमीन मृत. अंतर दीड मैल किंवा पायी अर्धा तास. ही व्याख्या लक्षात ठेवा, ती पुढे सव्वाशे वर्षांनी कोर्टात पुन्हा हजर होणार आहे.

कायद्याने नोंदणी सांगितली. आणि जगातल्या सगळ्या शेतकऱ्यांना नोंदणी म्हटली की जे वाटते तेच फल्लाहांना वाटले: नाव लागले की कर लागणार आणि मुलगा फौजेत जाणार. शिवाय पुष्कळ गावांत जमीन मुशा पद्धतीची होती, म्हणजे गावाची सामाईक आणि ठरावीक वर्षांनी घराघरांत फिरणारी. तिचा सातबारा कोणाच्या नावे करायचा? अनेक ठिकाणी शहरातल्या बड्या व्यापाऱ्याच्या किंवा सावकाराच्या नावे नोंद झाली आणि कसणारा पूर्वीसारखाच कसत राहिला. सरकारनेही मोठे मोठे पट्टे विकायला काढले. मर्ज इब्न आमिर नावाचे उत्तरेतले सुपीक खोरे अशाच रीतीने बैरूतच्या सुरसुक या ख्रिस्ती सावकार घराण्याकडे गेले. त्यांतल्या बहुतेकांनी ती शेते क्वचितच पाहिली असतील.

विक्रीची गोष्ट इथे येते, आणि ती खोटी नाही. सुरसुकांनी १९१० च्या सुमारास अल-फूला हे गाव झायनवादी संस्थांना विकायला काढले, तेव्हा नासिराचा कायमकाम, म्हणजे आपल्याकडचे प्रांतसाहेब म्हणा, शुकरी अल-असली याने खरेदीखत हवाली करायला नकार दिला. त्याचे म्हणणे होते की जमीन विकली तरी तिच्यावरच्या माणसांचे काय? त्याने सलाहुद्दीनच्या नावाने वर्तमानपत्रांत पत्रे लिहिली, कारण अल-फूलात क्रुसेडच्या काळातल्या किल्ल्याचे अवशेष होते. वरून हुकूम आला, व्यवहार झाला, कुळे उठली. शुकरी पुढे उस्मानी पार्लमेंटात गेला आणि तिथेही बोलत राहिला. १९१६ मध्ये जमाल पाशाने त्याला इतर अरब पुढाऱ्यांबरोबर फासावर चढवले. आपल्या तकरिरींमध्ये या माणसाचे नाव मी कधी ऐकले नाही. १९२० नंतर उरलेल्या खोऱ्याचा मोठा भाग विकला गेला आणि आणखी कुळे बेदखल झाली. विकणाऱ्यांत बाहेरचे होते तसे पॅलेस्टाईनमधले एफेंदीही होते, आणि त्यांतले काही दिवसा विक्रीविरुद्ध भाषणे करणारे होते. हे लपवण्यात काही अर्थ नाही.

मात्र ही सगळी विक्री मिळून झाली किती? ब्रिटिश अमलातल्या पॅलेस्टाईनचे क्षेत्रफळ सुमारे २ कोटी ६३ लाख दुनुम. एक दुनुम म्हणजे साधारण दहा गुंठे. १९४७ पर्यंत, म्हणजे साठ-सत्तर वर्षांच्या खरेदीनंतर, ज्यूंच्या मालकीची जमीन होती सुमारे १८ लाख दुनुम. टक्केवारी सातच्या आसपास. नोव्हेंबर १९४७ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी फाळणीचा ठराव केला तेव्हा ज्यू लोकसंख्या एक तृतीयांशाच्या आसपास होती आणि ज्यू राज्याला निम्म्याहून अधिक भूभाग देऊ केला होता. १९४९ च्या युद्धबंदीनंतर इस्रायलकडे ७८ टक्के भूभाग होता. सात टक्क्यांपासून आज इस्रायलच्या सरकारी ताब्यातल्या ९३ टक्के जमिनीपर्यंतचा प्रवास खरेदीखतांनी झालेला नाही. तो कसा झाला, हा खरा प्रश्न आहे.

अर्धे उत्तर सगळ्यांना माहीत आहे. १९४८ च्या युद्धात सात लाखांहून अधिक पॅलेस्टिनी घरदार सोडून गेले किंवा हाकलले गेले आणि त्यांना परत येऊ दिले नाही. उरलेले अर्धे उत्तर कायद्याच्या पुस्तकात आहे, आणि माझ्या मते तेच जास्त अभ्यासण्यासारखे आहे. इस्रायलने आधी डिसेंबर १९४८ मध्ये आणीबाणीचे नियम आणि मग मार्च १९५० मध्ये गैरहजरांच्या मालमत्तेचा कायदा केला. २९ नोव्हेंबर १९४७ नंतर केव्हाही जो शेजारच्या अरब देशात होता, किंवा पॅलेस्टाईनच्याच अशा भागात होता जो तेव्हा इस्रायलच्या ताब्यात नव्हता, तो गैरहजर. किती दिवस होता आणि का होता, हे विचारायचे नाही. गोळीबाराला भिऊन चार दिवस पुढच्या गावी मावशीकडे गेलेला माणूसही गैरहजर. त्याची मालमत्ता कस्टोडियनकडे. आपण गैरहजर नव्हतो हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकाची. आणि समजा त्याने ते सिद्ध केले, तरी मधल्या काळात कस्टोडियनने सद्‌हेतूने जमीन कोणाला दिली असेल तर तो व्यवहार कायम!

आता यातले सर्वात विचित्र प्रकरण. युद्ध संपल्यावर इस्रायलच्या हद्दीत सुमारे दीड लाख पॅलेस्टिनी उरले. ते नागरिक झाले, त्यांना मत मिळाले, ते कर भरू लागले. पण त्यांच्यातल्या हजारो लोकांनी युद्धाच्या काळात गाव सोडले होते. म्हणजे ते देशात हजर होते आणि जमिनीच्या दृष्टीने गैरहजर. सरकारी हिब्रूत यांना चक्क ‘हजर गैरहजर’ असे म्हटले गेले. अरबीत तीच संज्ञा अल-हाज़िरून अल-ग़ाइबून अशी होते. हाज़िर आणि ग़ाइब हे दोन्ही शब्द उर्दूत आहेत, मराठीतही आहेत. वीस वर्षे हजेरीपत्रक भरणाऱ्या माझ्यासारख्या मास्तरला हा कायदा वाचताना हेच कळेना की समोरच्या बाकावर बसलेल्या पोराच्या नावापुढे गैरहजरची खूण कशी करता येते. पण केली. कवी महमूद दरवेश हे असेच एक. त्यांचे अल-बिरवा गाव १९४८ मध्ये गेले, कुटुंब लेबनॉनला पळाले आणि वर्षभराने चोरून परत आले. तोवर गाव उरले नव्हते.

सफ्फूरिया हे नासिरापासून जेमतेम सहा किलोमीटरवरचे गाव, वस्ती चार हजारांच्या वर. जुलै १९४८ मध्ये ते पडले. काही लोक लेबनॉनला गेले, काही नासिरात येऊन राहिले. नासिरातल्या त्या मोहल्ल्याला आजही सफाफ्रा म्हणतात. १९४९ मध्ये गावाच्या जमिनीवर त्सिप्पोरी नावाची ज्यू शेतवसाहत उभी राहिली. सफाफ्रातला माणूस इस्रायलचा नागरिक आहे, तासाभराच्या चालीवर त्याच्या बापाचे शेत आहे, आणि ते त्याचे नाही.

वक्फही यातून सुटला नाही. वक्फची व्यवस्था पाहणाऱ्या वरिष्ठ मुस्लिम मंडळाचे सदस्य देशाबाहेर गेले होते, म्हणून मुस्लिम वक्फच गैरहजराची मालमत्ता ठरला. फिक्ह सांगते की वक्फ झालेल्या वस्तूची मालकी अल्लाहची. मग कायद्याने नेमके कोणाला गैरहजर ठरवले, हा सवाल तिकडच्या लोकांनीही विचारला आहे. १९६५ मध्ये दुरुस्ती झाली, काही शहरांतले वक्फ सरकारने नेमलेल्या विश्वस्तांकडे आले, आणि मग त्या विश्वस्तांनीच काही जागा विकल्याच्या तक्रारी सुरू झाल्या. हे ऐकून आपल्याकडच्या वाचकाला परके वाटणार नाही.

आता जी गोष्ट सांगतो ती आपल्या दोन्ही बाजूंच्या वक्त्यांना अडचणीची आहे. हा कायदा लिहिणाऱ्यांनी नमुना कुठून घेतला? युद्धानंतरच्या मालमत्तेचे कायदे निरनिराळ्या देशांत कसे केले आहेत हे त्यांनी तपासले आणि त्यांना सर्वात उपयोगी वाटला तो पाकिस्तानचा, १९४८ चा. फाळणीनंतर गेलेल्या हिंदू-शिखांची मालमत्ता ताब्यात घेण्यासाठी केलेला. म्हणजे इस्लामच्या नावाने झालेल्या देशाचा मसुदा तेल अवीवला पॅलेस्टिनी मुसलमानांच्या जमिनी घेण्यासाठी कामी आला. सिंधमध्ये हवेल्या सोडून कल्याणच्या लष्करी छावणीत, आजच्या उल्हासनगरात, आलेल्या सिंधी कुटुंबांना हा कायदा काय असतो हे पुस्तकातून शिकावे लागले नाही. भारतानेही १९५० मध्ये असाच निर्वासित मालमत्तेचा कायदा केला, आणि त्यात काही वर्षे ‘जाण्याच्या बेतात असलेला’ असाही एक वर्ग होता. म्हणजे तुम्ही इथेच आहात, पण जाल असा संशय आहे. हजर गैरहजराचा हा आपला चुलतभाऊ.

तसाच प्रकार इराकमध्ये. १९५०-५१ मध्ये तिथल्या सव्वा लाखाच्या आसपास ज्यूंना नागरिकत्व सोडून जाण्याची मुभा दिली, आणि त्यांनी नावे नोंदवल्यावर मार्च १९५१ मध्ये एका कायद्याने त्यांची मालमत्ता गोठवली. इराकचे ज्यू तिथे अडीच हजार वर्षे होते. त्यांचा पॅलेस्टाईनच्या युद्धाशी संबंध नव्हता. इस्रायल सरकारने लगेच जाहीर केले की पॅलेस्टिनींना नुकसानभरपाई देण्याची वेळ आली तर हा हिशेब त्यातून वजा होईल. सफ्फूरियाच्या शेतकऱ्याने बगदादच्या व्यापाऱ्याचे घर घेतले नव्हते, आणि त्या व्यापाऱ्याला सफ्फूरियाचे शेत नको होते. दोघांच्या वतीने सरकारांनी वजाबाकी केली. अरब राजवटींनी आपल्या अल्पसंख्याकांशी जे केले त्याबद्दल आपण बोलत नाही, आणि म्हणून पॅलेस्टाईनबद्दल आपले बोलणे अर्धेच ऐकले जाते, असे माझे मत आहे.

परत जमिनीकडे. कस्टोडियनकडची जमीन विकास प्राधिकरणाकडे गेली. ज्यू नॅशनल फंड ही १९०१ मध्ये स्थापन झालेली संस्था. तिचा नियम असा की घेतलेली जमीन पुन्हा विकायची नाही आणि ती ज्यूंसाठीच राखायची. सरकारने १९४९ आणि १९५० मध्ये दोन हप्त्यांत तिला वीस लाखांहून अधिक दुनुम जमीन विकली. पहिला हप्ता तर १९५० चा कायदा व्हायच्या आधीचा. १९५३ मध्ये आणखी एक कायदा आला. १ एप्रिल १९५२ रोजी जी जमीन मालकाच्या प्रत्यक्ष ताब्यात नव्हती आणि वसाहतीसाठी किंवा संरक्षणासाठी वापरात होती, ती सरकारची. ताब्यात का नव्हती? कारण १९६६ पर्यंत अरब गावांवर लष्करी राजवट होती, परवान्याशिवाय बाहेर पडता येत नव्हते, आणि लष्कर हवे ते शेत बंद क्षेत्र म्हणून जाहीर करू शकत होते. शेताला कुलूप लावायचे आणि मग मालक शेतात दिसत नाही म्हणून नोंद करायची. भरपाई ठरली १९५० च्या दराने. १९६० मध्ये मूलभूत कायद्याने ठरले की सरकारी जमीन विकायची नाही, फक्त भाडेपट्ट्याने द्यायची. एकदा आत गेलेली जमीन बाहेर येण्याचा रस्ताच बंद.

हा प्रश्न फक्त मुसलमानांचा नाही, हे कळायला इक्रित पाहावे. लेबनॉनच्या सीमेजवळचे हे ग्रीक कॅथलिक गाव, वस्ती पाचशेच्या आत. ३१ ऑक्टोबर १९४८ रोजी इस्रायली सैन्य आले तेव्हा लोकांनी लढाई केली नाही. आठवड्याभराने त्यांना सांगितले की दोन आठवड्यांसाठी दक्षिणेतल्या रामा गावी जा, सीमेवर धोका आहे. सैन्याच्याच गाड्यांतून ते गेले. दोन आठवडे संपले, वर्ष संपले. ते सर्वोच्च न्यायालयात गेले आणि ३१ जुलै १९५१ रोजी जिंकले: त्यांना गावात परतण्यापासून रोखायला कायदेशीर आधार नाही. यावर लष्कराने गाव सोडण्याचे रीतसर आदेश काढले, जे आधी काढायचे राहून गेले होते. पुन्हा अर्ज झाला, सुनावणीची तारीख लागली. ती यायच्या आत नाताळाच्या वेळी गावातली घरे सुरुंगाने उडवली गेली. चर्च तेवढे ठेवले. बिरइम हे शेजारचे मारोनी ख्रिस्ती गाव, त्यांनाही असेच उठवलेले. सप्टेंबर १९५३ मध्ये विमानांनी ते जमीनदोस्त केले आणि लोक समोरच्या टेकडीवरून पाहत राहिले. १९७२ मध्ये गोल्डा मायर सरकारने परतीची मागणी फेटाळली. पुढे नव्वदीच्या दशकात सरकारच्याच एका समितीने परत येऊ द्यावे अशी शिफारस केली. २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारचे म्हणणे मान्य केले: यांना परवानगी दिली तर बाकीचे विस्थापितही मागतील.

ही माणसे इस्रायलशी लढली नव्हती, नागरिक होती, कोर्टात जिंकली होती. इक्रितच्या लोकांना एक परवानगी मात्र सत्तरच्या दशकात मिळाली. मेल्यावर गावच्या दफनभूमीत पुरता येते.

१९७६ मध्ये गॅलिलीतल्या सखनीन, अर्राबा, दैर हन्ना या गावांची हजारो दुनुम जमीन संपादन करण्याचा बेत जाहीर झाला. ३० मार्चला अरब नागरिकांनी संप केला, गोळीबारात सहा जण मारले गेले. तो दिवस यौमुल अर्ज़, जमिनीचा दिवस म्हणून पाळला जातो. आज अरब नागरिक लोकसंख्येच्या एक पंचमांशाच्या आसपास आहेत आणि त्यांच्या नगरपालिकांच्या हद्दीतली जमीन देशाच्या तीन टक्क्यांच्या आसपास. १९४८ नंतर ज्यूंसाठी शेकडो नवी गावे वसली. अरबांसाठी बदूंच्या काही वसाहती सोडल्या तर एकही नाही. आणि त्या वसाहती कशासाठी, तर बदूंना त्यांच्या मूळ जमिनीवरून हलवण्यासाठी. १९८४ मध्ये बदू आपल्या जमिनीचा दावा घेऊन सर्वोच्च न्यायालयात गेले तेव्हा ती उस्मानी व्याख्या बाहेर निघाली: ही जमीन मवात आहे. १९२१ मध्ये ब्रिटिशांनी मवात जमिनीची नोंद दोन महिन्यांत करा म्हणून सांगितले होते, तुम्ही केली नाही. तंबूत राहणाऱ्याचे गाव कुठे संपते आणि हाक कुठवर पोहोचते, हे कोण ठरवणार?

इथे आपल्या मराठी माणसांचा एक धागा आहे. रायगडच्या किनाऱ्यावरचे बेने इस्रायली, ज्यांना गावोगाव शनिवार तेली म्हणत, १९४८ नंतर हजारोंनी इस्रायलला गेले. त्यांतले पुष्कळ लोद, रामला, बीरशेवा इथे राहतात. ही तिन्ही नावे १९४८ पूर्वीच्या अरब शहरांची आहेत. लोद आणि रामलातून जुलै १९४८ मध्ये हजारो लोकांना पायी हाकलले होते. कोकणातून गेलेल्या त्या कुटुंबांनी कोणाला हाकलले नव्हते, त्यांना सरकारने जिथे घर दिले तिथे ती राहिली. आणि त्यांनाही तिथे धर्मगुरूंनी विचारले की तुम्ही खरे ज्यू कशावरून, लग्नाआधी वंशावळ दाखवा. त्याविरुद्ध त्यांनी धरणे धरले आणि १९६४ मध्ये त्यांना पूर्ण ज्यू म्हणून मान्यता मिळवली. कागद दाखवा, असे फक्त अरबांनाच विचारले गेले असे नाही. फरक इतकाच की बेने इस्रायलींना उत्तर देऊन दार उघडता आले.

अरबाला ते किती उघडते? आदिल कादान या अरब नागरिकाने १९९५ मध्ये कात्सिर या वसाहतीत प्लॉटसाठी अर्ज केला. जमीन सरकारची, पण वसाहत ज्यू एजन्सीची, म्हणून नकार. मार्च २००० मध्ये न्यायमूर्ती अहरोन बराक यांनी निकाल दिला की सरकारला असा भेदभाव करता येणार नाही, एजन्सीच्या आडूनही नाही. निकाल खरोखर मोठा होता. प्लॉट हाती यायला पुढे आणखी वर्षे गेली. आणि २०११ मध्ये पार्लमेंटने कायदा केला की नेगेव आणि गॅलिलीतल्या छोट्या वसाहतींना प्रवेश समित्या नेमता येतील, ज्या ‘सामाजिकदृष्ट्या न जुळणारा’ अर्जदार नाकारू शकतील. मुंबईत घर शोधलेल्या मुसलमानाला हा शब्दप्रयोग समजावून सांगायला नको. तिथे तो कायद्यात लिहिला, एवढेच.

शेवटी शेख जर्राह. पूर्व जेरुसलेममधली ही जागा उस्मानी काळात, १८७० च्या दशकात, दोन ज्यू संस्थांनी विकत घेतली होती, असा दावा आहे आणि कोर्टांनी तो मानला आहे. १९४८ मध्ये हा भाग जॉर्डनकडे गेला. १९५६ मध्ये जॉर्डन आणि संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेने तिथे २८ निर्वासित कुटुंबांना घरे दिली. ही कुटुंबे हैफा, जाफासारख्या ठिकाणांहून, म्हणजे आता इस्रायलमध्ये असलेल्या गावांतून आलेली. १९६७ मध्ये इस्रायलने शहर घेतले आणि १९७० मध्ये कायदा केला: पूर्व जेरुसलेममध्ये १९४८ पूर्वी ज्यूंची जी मालमत्ता होती, ती त्यांना परत मागता येईल. तत्त्व म्हणून हे योग्यच आहे, घर ज्याचे त्याला मिळावे. पण हाच दावा हैफातल्या किंवा पश्चिम जेरुसलेममधल्या आपल्या घरावर शेख जर्राहमधल्या कुटुंबाने केला तर १९५० चा कायदा आडवा येतो. तिथे ते गैरहजर. म्हणजे १९४८ च्या आधीचा कागद एकाच्या हातात खरा आणि दुसऱ्याच्या हातात रद्दी.

मार्च २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने यांतल्या चार कुटुंबांना दिलासा दिला: मालकीचा निर्णय होईपर्यंत त्यांना घराबाहेर काढू नये. मालकीचा तो निर्णय होणार आहे जमीन नोंदणीच्या प्रक्रियेत, जी पूर्व जेरुसलेममध्ये १९६७ पासून थांबलेली होती आणि २०१८ मध्ये इस्रायलच्या न्याय खात्याने पुन्हा सुरू केली. पॅलेस्टिनी त्या मोजणीला घाबरतात. नाव नोंदवायला गेले आणि भावांपैकी एक अम्मानला राहतो असे निघाले, तर त्याचा हिस्सा गैरहजराचा धरला जाईल, म्हणून कित्येक घरे अर्जच करत नाहीत.